गॉथिक साहित्यातील बहिष्कृत : राक्षस जन्मतो की घडवला जातो?

'गॉथिक' हा शब्द मुंबईकरांना तसा अपरिचित नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालयाची इमारत ज्या शैलीत उभी आहे, तिला व्हिक्टोरियन गॉथिक म्हणतात. टोकदार कमानी, उंच मनोरे आणि भिंतींतून डोकावणारी दगडी श्वापदे ही या शैलीची ओळख. वास्तुकलेतील हाच शब्द अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी साहित्यात आला आणि एका नव्या कथाप्रकाराला चिकटला. जुने किल्ले, भुयारे, बंद खोल्या, शापित घराणी आणि भूतकाळातून वर येणारे गुन्हे हा या कथांचा ऐवज होता. मराठी वाचकाने नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांतून ज्या भयाचा आणि गूढाचा आस्वाद घेतला, त्याची पाश्चात्त्य वंशावळ शोधू गेल्यास ती या गॉथिक परंपरेपाशी पोहोचते.

या परंपरेकडे केवळ भीतीची करमणूक म्हणून पाहिले, तर तिच्यातील एक महत्त्वाचा धागा नजरेतून सुटतो. गॉथिक कथेत घाबरवणारा जो कोणी असतो, तो पुष्कळदा आधी कोणाकडून तरी हाकलला गेलेला असतो. कोणाला त्याच्या रूपामुळे, कोणाला वर्णामुळे, कोणाला अज्ञात जन्मामुळे, तर कोणाला मनाच्या आजारामुळे समाजाने वाळीत टाकलेले असते. या माणसांचे पुढे काय होते आणि त्याला जबाबदार कोण, हा प्रश्न गेली दोनशे वर्षे हे साहित्य विचारीत आले आहे.

किल्ल्याच्या धन्यापासून दाराबाहेरच्या माणसापर्यंत

होरेस वॉलपोल यांची 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' ही कादंबरी १७६४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. दुसऱ्या आवृत्तीला त्यांनी 'गॉथिक कथा' असे उपशीर्षक दिले आणि या प्रकाराला नाव मिळाले. या कादंबरीत आणि पुढे अ‍ॅन रॅडक्लिफ यांच्या कादंबऱ्यांत दुष्टपणा सत्तेच्या बाजूला असे. खलपुरुष किल्ल्याचा धनी असे आणि दुबळी नायिका त्याच्या तावडीत सापडलेली असे. मॅथ्यू लुईस यांच्या 'द मंक' (१७९६) मध्ये ती सत्ता धर्मपीठाची झाली.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या दशकांत मात्र वेगळा प्रश्न पुढे आला. मनुष्य मुळात कोऱ्या पाटीसारखा असतो, अनुभव आणि शिक्षण त्याला घडवतात, हा जॉन लॉक यांचा विचार आणि समाजच माणसाला बिघडवतो हे रूसो यांचे प्रतिपादन तोवर युरोपातील सुशिक्षितांच्या परिचयाचे झाले होते. विल्यम गॉडविन यांनी १७९४ मध्ये 'केलेब विल्यम्स' ही कादंबरी लिहिली. मालकाच्या खुनाचे रहस्य कळलेल्या एका तरुण सेवकाला तो मालक देशभर कसा पळवतो आणि त्याचा लौकिक नष्ट करून त्याला कोठेही थारा मिळू देत नाही, याची ती कथा आहे. येथे वाचकाची दृष्टी प्रथमच शिकाऱ्याकडून शिकारीकडे वळली. याच गॉडविन यांच्या मुलीने पुढे या विषयावरील सर्वांत प्रभावी कादंबरी लिहिली.

बिननावाचा प्राणी

मेरी शेली यांचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ रोजी झाला आणि त्यानंतर अकराव्या दिवशी त्यांची आई, स्त्रियांच्या हक्कांची पुरस्कर्ती मेरी वोलस्टनक्राफ्ट, मरण पावली. १८१४ मध्ये, सतरावे वर्ष पूर्ण होण्याआधीच, मेरी विवाहित कवी पर्सी शेली यांच्याबरोबर निघून गेल्या. स्वातंत्र्याचे तत्त्वज्ञान सांगणाऱ्या वडिलांनी त्यांच्याशी संबंध तोडले, ते १८१६ च्या अखेरीस विवाह होईपर्यंत. या मधल्या काळात त्यांचे पहिले मूल काही दिवसांतच दगावले, सावत्र बहीण फॅनी हिने आत्महत्या केली आणि शेली यांच्या पहिल्या पत्नीचा बुडून मृत्यू झाला. घराबाहेर काढले जाणे म्हणजे काय, हे या लेखिकेला पुस्तकांतून शिकावे लागले नव्हते.

१८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी लॉर्ड बायरन यांच्या बंगल्यात भुताच्या गोष्टी लिहिण्याची पैज लागली आणि त्यातून 'फ्रँकेन्स्टाइन' जन्मली. आदल्या वर्षी इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाल्याने त्या वर्षी युरोपात उन्हाळा असा पडलाच नव्हता. १ जानेवारी १८१८ रोजी कादंबरीच्या अवघ्या ५०० प्रती लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाल्या. मेरी यांचे नाव १८२३ च्या दुसऱ्या आवृत्तीवर आले.

कथा बहुतेकांना ठाऊक असते, पण ती बहुधा चित्रपटांतून ठाऊक असते. मूळ कादंबरीत व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा विद्यार्थी मृतदेहांच्या अवयवांतून एक मनुष्याकृती घडवतो. ती डोळे उघडते त्याच क्षणी तिच्या रूपाची किळस येऊन तो खोलीतून पळ काढतो. या निर्मितीला तो नावही देत नाही. 'फ्रँकेन्स्टाइन' हे निर्मात्याचे आडनाव पुढे लोकांनी त्या प्राण्यालाच चिकटवले. हा गोंधळ चुकीचा खरा, तथापि त्यात एक न्यायही आहे. बापाने नाकारलेले आडनाव जगाने त्याच्या लेकराला बहाल केले.

कादंबरीची रचना एकात एक ठेवलेल्या पेट्यांसारखी आहे. सर्वांत बाहेर ध्रुवप्रदेशाकडे निघालेल्या वॉल्टन याची पत्रे, त्यांत व्हिक्टरची कहाणी आणि अगदी आतल्या पेटीत त्या प्राण्याचे स्वतःचे निवेदन. ते ऐकेपर्यंत वाचकाने त्याला खुनी ठरवलेले असते. ऐकल्यावर मात्र निकाल देणे अवघड होते.

हा प्राणी रानात भटकत एका झोपडीलगतच्या पडवीत आसरा घेतो आणि भिंतीच्या फटीतून द लेसी कुटुंबाचे जीवन पाहत राहतो. त्यांची गरिबी लक्षात येताच तो त्यांच्या अन्नातून चोरून खाणे थांबवतो आणि रात्री त्यांच्यासाठी सरपण आणून ठेवतो. त्या घरी आलेल्या साफी या परदेशी तरुणीला भाषा शिकवली जात असताना तोही भिंतीआडून शिकतो. पुढे सापडलेल्या पुस्तकांतून तो मिल्टन, प्लुटार्क आणि गटे वाचतो. एके दिवशी घरातील आंधळा म्हातारा एकटा असताना तो धीर करून आत जातो. म्हातारा त्याच्याशी प्रेमाने बोलतो, कारण त्याला तो दिसत नाही. तेवढ्यात मुले परततात. मुलगा फेलिक्स त्याला काठीने झोडपतो. त्या तरुणाचे तुकडे करण्याची ताकद अंगी असताना हा प्राणी हात उचलत नाही आणि निघून जातो.

येथे मेरी शेली यांनी एक मार्मिक तपशील ठेवला आहे. द लेसी कुटुंब स्वतःच निर्वासित आहे. पॅरिसमध्ये अन्यायाने शिक्षा झालेल्या एका तुर्की व्यापाऱ्याला फेलिक्सने पळून जायला मदत केली आणि त्यापायी संपत्ती गमावून सारे देशोधडीला लागले. परक्यासाठी एवढी किंमत मोजलेली माणसेही दारात उभ्या राहिलेल्या या दुसऱ्या परक्याला ओळखू शकत नाहीत. स्वतः सोसलेला बहिष्कार माणसाला आपोआप उदार करीत नाही, हे कादंबरी न बोलता दाखवून देते.

त्यानंतरचा प्रवास उताराचा आहे. नदीत बुडणाऱ्या मुलीला तो वाचवतो आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी लागते. मग त्याला एक लहान मुलगा दिसतो. इतक्या कोवळ्या वयात मनात पूर्वग्रह नसणार, याला आपण सोबती म्हणून वाढवू, अशी आशा त्याला वाटते. मूल किंचाळते, त्याला राक्षस म्हणते आणि आपण फ्रँकेन्स्टाइन घराण्यातले असल्याचे सांगते. त्या मुलाचा, व्हिक्टरचा धाकटा भाऊ विल्यम याचा, त्याच्या हातून गळा दाबला जातो. खुनाचा आळ येतो जस्टिन या निष्पाप सेविकेवर. तिला लहानपणी आईनेच दूर लोटलेले होते. दोषी ठरवल्यानंतर पाद्री तिला धर्मबहिष्काराची धमकी देतो आणि त्या धाकाने ती न केलेला गुन्हा कबूल करते. बहिष्कृत होण्याच्या भयाने खोटी कबुली देऊन ती फाशी जाते.

यानंतर तो प्राणी व्हिक्टरकडे एकच मागणी करतो : माझ्यासारखीच एक सहचरी घडव, आम्ही माणसांपासून दूर निघून जाऊ. व्हिक्टर कबूल होतो, पण अर्धवट घडवलेली ती स्त्री त्याच्या डोळ्यांदेखत नष्ट करतो. उरलेली कादंबरी म्हणजे सूडाची आणि पाठलागाची कथा.

बरणीतला मेंदू

१९३१ मध्ये जेम्स व्हेल यांनी या कथेवर चित्रपट केला. बोरिस कार्लोफ यांचा सपाट डोक्याचा, मानेत खिळे असलेला राक्षस त्यातून जगभर पोहोचला. या चित्रपटाने दोन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे कादंबरीत अस्खलित बोलणारा हा प्राणी मुका झाला. दुसरी त्याहून महत्त्वाची आहे. चित्रपटात डॉक्टरचा मदतनीस प्रयोगशाळेतून मेंदू चोरायला जातो, चांगल्या मेंदूची बरणी त्याच्या हातून फुटते आणि तो गुन्हेगाराच्या मेंदूची बरणी घेऊन येतो.

बदल छोटासा वाटतो, पण त्याने कथेचा अर्थच उलटा होतो. कादंबरीत प्राणी चांगला जन्मतो आणि वागणुकीने बिघडतो. चित्रपटात तो बिघडलेलाच जन्मतो, त्यामुळे मशाली घेऊन त्याच्यामागे धावणारा जमाव निर्दोष ठरू शकतो. बरणी फुटली हा अपघात, त्यात गावाचा काय दोष? अर्थात कार्लोफ यांचा करुण अभिनय या सोयीच्या स्पष्टीकरणाला जागोजाग छेद देतो. १९३५ च्या 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' या उत्तरार्धात व्हेल यांनी त्या प्राण्याला थोडीशी वाचा परत दिली आणि आंधळ्या संन्याशाशी त्याची मैत्रीही दाखवली. तरीही जन्मजात दुष्ट की परिस्थितीने घडवलेला, हा वाद त्या एका बरणीपाशी आजही अडकलेला आहे. गुन्ह्याची बातमी वाचताना आपल्या मनात पहिला विचार कोणता येतो, हे तपासून पाहिले तर तो वाद जुना झालेला नाही हे पटेल.

बहिऱ्यासमोर बहिऱ्याचा खटला

व्हिक्टर ह्यूगो यांची 'नोत्रदाम द पारी' ही कादंबरी १८३१ ची. ती काटेकोर अर्थाने भयकथा नव्हे, पण गॉथिक वास्तू, तीत लपलेला विरूप मनुष्य आणि पापी धर्मगुरू असा सारा ऐवज तिच्यात आहे. कथा घडते १४८२ च्या पॅरिसमध्ये. कुबडा क्वासिमोदो लहानपणी चर्चमध्ये टाकून दिलेल्या मुलांच्या फळीवर सापडला आणि क्लोद फ्रोलो या धर्मगुरूने त्याला वाढवले. तो घंटा वाजवणारा झाला आणि त्याच घंटांच्या आवाजाने बहिरा झाला. चर्चच्या भिंतींबाहेर त्याला उपहासाखेरीज काही मिळत नाही. 'मूर्खांच्या सणा'त सर्वांत विद्रूप चेहरा म्हणून त्याला मिरवले जाते आणि दुसऱ्या दिवशी त्याच शहरासमोर त्याला फटके मारले जातात.

त्याच्या खटल्याचा प्रसंग ह्यूगो यांनी बोचऱ्या उपरोधाने रंगवला आहे. आरोपी बहिरा आहे आणि न्यायाधीशही बहिरा, पण न्यायाधीशाला ते लपवायचे आहे. प्रश्नाला उत्तर मिळाले असे गृहीत धरून तो पुढचा प्रश्न विचारीत राहतो. आरोपीला ऐकू येत नाही हे दयेपोटी लेखनिक त्याच्या कानाशी सांगतो, तेव्हा काहीतरी नवा गुन्हा कळला असे समजून तो शिक्षा एका तासाने वाढवतो. बहिष्कृताचे म्हणणे व्यवस्थेपर्यंत पोहोचत नाही, या विधानाला याहून नेमके चित्र शोधणे कठीण.

फ्रोलोच्या आज्ञेवरून केलेल्या कृत्याची ही शिक्षा भोगत असताना फ्रोलो त्याला पाहून तोंड फिरवतो. पाणी पाजते ती एस्मेराल्डा, जिला पळवून नेण्याचा त्याने प्रयत्न केला होता आणि जी स्वतः भटक्या जमातीतली म्हणून संशयाच्या नजरेने पाहिली जाते. या एका घोटाने क्वासिमोदो बदलतो. मेरी शेली यांच्या प्राण्याला जे मिळाले नाही, ते याला एकदा मिळाले. तरीही शेवट सुखाचा नाही. एस्मेराल्डाला फाशी होते, क्वासिमोदो फ्रोलोला मनोऱ्यावरून खाली ढकलतो आणि स्वतः तिच्या प्रेताशेजारी जाऊन मरतो. एका व्यक्तीची दया माणसाला सावरते, पण शहराचा निवाडा बदलत नाही, असा ह्यूगो यांचा निष्कर्ष दिसतो.

लिव्हरपूलच्या रस्त्यावरचे पोर

एमिली ब्राँटे यांची 'वुदरिंग हाइट्स' १८४७ मध्ये एलिस बेल या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. यॉर्कशायरच्या माळावरील अर्नशॉ कुटुंबाचा प्रमुख लिव्हरपूलहून एक सावळे, अनाथ पोर घरी आणतो. त्याची भाषाही कोणाला कळत नाही. दगावलेल्या मुलाचे हीथक्लिफ हे नाव त्याला मिळते आणि तेच नाव नि तेच आडनाव म्हणून त्याला आयुष्यभर पुरवावे लागते. शेजारचे जमीनदार लिंटन त्याला पाहून हा 'लॅस्कर' तर नव्हे, असा तर्क करतात. ब्रिटिश जहाजांवर काम करणाऱ्या भारतीय आणि आशियाई खलाशांना हा शब्द वापरत आणि तो आपल्या 'लष्कर' शब्दाचाच भाऊबंद आहे. हीथक्लिफ नेमका कोण, हे लेखिका कधीच सांगत नाही. मात्र त्या काळच्या इंग्लंडमध्ये परका म्हटल्यावर डोळ्यांसमोर कोण येई, हे या एका शब्दातून कळते.

थोरल्या अर्नशॉच्या मृत्यूनंतर मुलगा हिंडली हीथक्लिफचे शिक्षण बंद करतो आणि त्याला नोकरांत ढकलतो. त्याच्यावर प्रेम करणारी कॅथरिनही याच्याशी लग्न केल्यास आपली पत जाईल असे बोलून जाते. ते ऐकून तो नाहीसा होतो आणि तीन वर्षांनी पैसा घेऊन परततो. त्याने उगवलेल्या सूडाची पद्धत पाहण्यासारखी आहे. ज्या कायद्यांनी आणि मालमत्तेच्या व्यवहारांनी त्याला खाली ठेवले होते, त्यांचाच वापर करून तो दोन्ही घराणी गिळंकृत करतो. हिंडलीचा मुलगा हेअरटन याला तो मुद्दाम निरक्षर ठेवतो, आपल्याला वागवले तसेच वागवतो. ज्याने त्याला छळले, तो हिंडली तोवर मरून गेलेला असतो. शिक्षा भोगतो ती पुढची पिढी.

या कादंबरीचा दुसरा भाग पुष्कळ वाचक विसरतात, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने तोच निर्णायक आहे. हेअरटनला हीथक्लिफसारखीच वागणूक मिळते, तरी तो हीथक्लिफ होत नाही. धाकटी कॅथरिन आधी त्याच्या अडाणीपणाची थट्टा करते, मग ओशाळते आणि त्याला वाचायला शिकवते. हीथक्लिफ मरतो तेव्हा त्याच्यासाठी मनापासून रडणारा हेअरटनच असतो. म्हणजे अवहेलना झाली की राक्षस तयार होतोच, असे यंत्रवत समीकरण ब्राँटे मांडत नाहीत. स्वभावाला आणि वेळेवर मिळालेल्या हाताला त्या जागा ठेवतात.

माळ्यावरची स्त्री

त्याच वर्षी एमिलीची बहीण शार्लट हिची 'जेन एअर' आली. अनाथ जेनला लहानपणी मामीने शिक्षा म्हणून तांबड्या खोलीत कोंडलेले असते. मोठेपणी ती ज्या रॉचेस्टरच्या घरी शिक्षिका म्हणून जाते, त्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर त्याची जमैकाहून आणलेली पहिली पत्नी बर्था मेसन वेडी म्हणून वर्षानुवर्षे कोंडलेली आहे. वाचकाला जेनचे मन पानोपानी कळते, पण बर्थाचा एकही शब्द ऐकू येत नाही. तिचे हसणे, गुरगुरणे आणि तिने लावलेल्या आगी तेवढ्या कळतात. तिचा इतिहास सांगतो तो तिला कोंडणारा नवरा.

कॅरिबियनमधील डोमिनिका बेटावर जन्मलेल्या जीन रीस यांनी १९६६ मध्ये 'वाइड सारगॅसो सी' या कादंबरीत ही बाजू लिहिली. त्यांची नायिका आंत्वानेत ही गोऱ्या मळेवाल्यांची मुलगी. गुलामी संपल्यावर काळे लोक तिला आपली मानीत नाहीत आणि इंग्रजही मानीत नाहीत. नवरा तिचे नावदेखील बदलून 'बर्था' करतो. १९७९ मध्ये सँड्रा गिल्बर्ट आणि सुझन गुबार यांनी आपल्या समीक्षाग्रंथाचे नाव 'द मॅडवुमन इन द अ‍ॅटिक' असे ठेवले आणि माळ्यावरची ती मुकी स्त्री स्त्रीवादी समीक्षेच्या केंद्रस्थानी आली. कथा कोणाच्या तोंडून सांगितली जाते, यावर राक्षस कोण हे पुष्कळदा ठरते, हा धडा या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवून वाचल्यावर मिळतो.

बहिष्काराची भीती आणि मुखवटा

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या १८८६ च्या 'डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइड' या कथेत हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. जेकिल बहिष्कृत नाही. तो प्रतिष्ठित आहे आणि ती प्रतिष्ठा गमावण्याच्या धास्तीने आपल्या इच्छा लपवीत आला आहे. त्या दडपलेल्या भागाला तो रसायनाच्या साहाय्याने वेगळे शरीर देतो. हाइडला पाहणाऱ्या प्रत्येकाला तिटकारा येतो, पण त्याच्यात नेमके व्यंग काय, हे एकालाही सांगता येत नाही. समाजाने हाकलण्याआधीच येथे माणूस स्वतःच्याच एका अंशाला हाकलतो आणि तो अंश शेवटी मालक होऊन बसतो.

गास्ताँ लरू यांच्या 'फँटम ऑफ द ऑपेरा' या कादंबरीत मुखवटा खराखुरा आहे. ती १९०९-१० मध्ये वृत्तपत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. पॅरिसच्या ऑपेरागृहाखालील तळघरात राहणारा एरिक हा असामान्य संगीतकार आणि तितकाच निर्दय माणूस. जन्मतः प्रेतासारखा चेहरा असल्याने आईने त्याला कधी जवळ घेतले नाही, तोंड झाकण्यासाठी मुखवटा दिला. जत्रांमध्ये त्याला 'जिवंत प्रेत' म्हणून दाखवले गेले. तो खून करतो, गायिका क्रिस्टीनला पळवतो, धमकावतो. अखेर ती त्याला आपल्या कपाळाचे चुंबन घेऊ देते, मागे सरत नाही आणि त्याच्याबरोबर रडते. त्या क्षणी त्याचा सूड गळून पडतो आणि तो तिला तिच्या प्रियकरासह मोकळे करतो. मात्र ही दया एका अपहृत मुलीकडून, जिवाच्या भीतीखाली मिळालेली आहे. तिच्या औदार्याचे कौतुक करताना हे ओझे तिच्याच खांद्यावर का पडावे, हेही विचारायला हवे.

जमावाचा चेहरा

विसाव्या शतकात अमेरिकी लेखिकांनी कॅमेरा बहिष्कृताकडून गावाकडे वळवला. शर्ली जॅक्सन यांच्या 'वुई हॅव ऑल्वेज लिव्हड इन द कॅसल' (१९६२) मध्ये मेरिकॅट आणि कॉन्स्टन्स या ब्लॅकवुड भगिनी गावापासून तुटून राहतात. सहा वर्षांपूर्वी त्यांचे कुटुंब साखरेतील विषाने मेले आणि कॉन्स्टन्स खटल्यातून निर्दोष सुटली, तरी गाव तिला सोडायला तयार नाही. एके दिवशी घराला आग लागते. अग्निशमन दलाचा प्रमुख आपले कर्तव्य पुरे करून आग विझवतो, मग टोपी उतरवून ठेवतो आणि खिडकीवर पहिला दगड तोच टाकतो. पाठोपाठ सारे गाव घर फोडते. टोपी असेपर्यंत कायदा आणि उतरली की जमाव, इतके पातळ अंतर जॅक्सन दाखवतात. विष कालवणारी मेरिकॅट होती हे वाचकाला कळते, म्हणजे या बहिणी निष्पापही नाहीत. गावाच्या क्रौर्याला मात्र सत्याची गरज कधीच नव्हती. पुढे शरमेने आणि भीतीने गावकरी त्यांच्या दारात मुकाट्याने अन्न ठेवू लागतात. बहिणी आत, गाव बाहेर आणि दार कायमचे बंद.

टोनी मॉरिसन यांच्या 'बिलव्हेड' (१९८७) मध्येही दारात अन्न येते, पण तेथे दार उघडते. मुलीने पुन्हा गुलामीत जाऊ नये म्हणून तिला ठार करणाऱ्या सेथीची ही कथा १८५६ मधील मार्गारेट गार्नर यांच्या सत्य घटनेवरून सुचली. आदल्या दिवशीच्या मोठ्या मेजवानीमुळे शेजाऱ्यांच्या मनात असूया दाटते आणि गुलाम पकडणारे येत असल्याची सूचना कोणी देत नाही. नंतर अठरा वर्षे ते घर वाळीत राहते आणि त्यात मृत मुलीचे भूत नांदते. शेवटी धाकटी डेन्व्हर मदत मागायला उंबरा ओलांडते. शेजारणी आपापली नावे लावून अन्न ठेवू लागतात आणि एके दिवशी तीस बायका त्या घरासमोर एकत्र येऊन गातात. भूत जाते ते मांत्रिकामुळे नाही, शेजार परतल्यामुळे.

कारण आणि समर्थन

या साहित्यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. विरूपता, अपंगत्व, मानसिक आजार किंवा परका वर्ण यांना भीतीचे चिन्ह म्हणून वापरून गॉथिक कथांनी पूर्वग्रह पोसले, असा तो आक्षेप आहे. त्यात तथ्य आहे. बर्था मेसन हे त्याचे ठळक उदाहरण आणि 'ड्रॅक्युला' (१८९७) मधील परदेशी उमराव हे दुसरे. त्या कादंबरीत डायऱ्या आणि पत्रे सर्वांची आहेत, पण ड्रॅक्युलाचे स्वतःचे निवेदन नाही. ज्या कृतींत बहिष्कृताला स्वतःचा आवाज मिळतो, त्या या सापळ्यातून बऱ्याच अंशी सुटतात.

दुसरा प्रश्न नीतीचा आहे. अवहेलनेने माणूस क्रूर झाला असे म्हटले की त्याच्या गुन्ह्याला माफी मिळते का? श्रेष्ठ गॉथिक लेखकांनी असे सोपे उत्तर दिलेले नाही. फ्रँकेन्स्टाइनचा प्राणी निर्मात्याच्या प्रेतापाशी उभा राहून स्वतःची घृणा व्यक्त करतो. विल्यम, जस्टिन आणि एलिझाबेथ यांनी त्याचे काही बिघडवले नव्हते, हे त्याला ठाऊक आहे. त्याचा घाव बलवानावर न पडता नेहमी शेजारी उभ्या असलेल्या दुबळ्यावर पडतो आणि हीच त्याची शोकांतिका आहे. कादंबरी त्याला निर्दोष सोडत नाही. आरोपींच्या पिंजऱ्यात ती आणखी काही माणसे आणून उभी करते : पळून गेलेला निर्माता, काठी उगारणारा फेलिक्स, गोळी झाडणारा वाटसरू. त्यांच्यातील कोणीही स्वतःला दुष्ट समजत नव्हते. प्रत्येकाने क्षणभर पाहिले, घाबरून निर्णय घेतला आणि तो विसरून आपल्या घरी गेला.

या कथा वाचताना आपण स्वतःला सहसा त्या एकाकी जीवाच्या जागी कल्पितो. त्या आपल्याला खरोखर उपयोगी पडायच्या असतील, तर फेलिक्सच्या आणि टोपी उतरवणाऱ्या त्या अधिकाऱ्याच्या जागीही क्षणभर उभे राहून पाहावे लागेल.